हा व्यायाम नको

घरातलं बाहेर बोलायची आमच्यात पद्धत नाही, आणि माझा स्वभावही तसाच. मी शाळेत पी.टी. मास्तर. मैदानावर माझा आवाज गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो, पण स्टाफरूममध्ये मी विचारल्याशिवाय बोलत नाही. म्हणून हे लिहायचं मनात आलं तेव्हा आधी बायकोला विचारलं. ती खुर्चीत बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होती. हातातली शेंग फोडून संपवली. मग म्हणाली, "मला काय वाटलं ते लिहू नका. तुम्ही काय केलंत ते लिहा."

तिची जीभ अजून जड आहे. एकेक शब्द ओढून आणावा लागतो, त्यामुळे एवढं लांब वाक्य ती उगीच बोलत नाही. मी तेवढंच करणार आहे. मी काय केलं ते लिहिणार आहे.

थोडक्यात सांगायचं तर, गेल्या वर्षी माझ्या बायकोला जगायचं नव्हतं, आणि त्या वेळी मी तिचा गुडघा कालच्यापेक्षा किती जास्त वाकतो ते बघत होतो.

मे महिना होता, शाळेला सुट्टी. हुबळीला केशवापुरात आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहतो, खाली घरमालकीण अक्का, वर गच्ची. बायको ब्लाउज शिवायची. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या बायका तिच्याकडेच यायच्या, कारण तिचं माप चुकत नसे आणि तोंडही चुकत नसे. "वहिनी, मागच्या दिवाळीचंच माप धरू म्हणता? आरशाला विचारलंत का?" असं ती तोंडावर म्हणायची आणि तरी बायका हसत यायच्या. त्या दिवशी ती कापड बेतत होती. मी आत पेपर वाचत होतो. कात्री पडल्याचा आवाज आला. मी तिथूनच विचारलं, काय पडलं गं? उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा उठलो. ती टेबलाला टेकून उभी होती, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि ती डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर ठेवायचा प्रयत्न करत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात होता.

खालच्या अक्कांनी ऑटो थांबवली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. लकवा उजव्या बाजूला होता. ती वाचली. घरी आणलं तेव्हा उजवा हात गळ्यात बांधलेला, पाय फरफटत, आणि बोलणं म्हणजे नुसता घोगरा आवाज.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. ती खूप चांगलं समजावून सांगायची. टेबलावर टॉवेल ठेवून त्यावर हात पुढे-मागे सरकवायचा, खुर्चीतून उठायचं-बसायचं, तीन पायांची काठी आधी पुढे टाकायची, मग दुखरा पाय, मग चांगला. हे मी लगेच उचललं. दुसरंही तिनं सांगितलं होतं. की ह्या आजारात मन फार खाली जातं, त्याकडे लक्ष ठेवा. रडत असतील, गप्प होत असतील, तर आम्हाला सांगा. माणसांत न्या, त्यांच्या आवडीचं काही हातात द्या. मी मान डोलावली. शेवटी ती हसून म्हणाली, "सर, तुम्ही पी.टी. टीचर. मग मला ह्यांची काही काळजीच नाही." माझ्या डोक्यात त्यातलं एवढंच राहिलं.

सकाळी शाळेला जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा, असा व्यायाम सुरू झाला. पहिल्या दिवशी गंमत म्हणून मी शिट्टी वाजवली. ती हसली. वाकड्या तोंडानं हसली, पण हसली, आणि आजारानंतर तिच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द निघाला तो "मास्तर." आमच्या लग्नापासून ती मला चिडवायला हाच शब्द वापरायची. "मास्तर, घर आहे हे, ग्राउंड नाही." तेवढं लांब तिला म्हणता आलं नाही, पण त्या एका शब्दात ते सगळं होतं. मी खाली जाऊन अक्कांना सांगितलं, पुण्याला आमच्या मुलीला, सगळ्यांना फोन करून सांगितलं की ती बोलली.

गंमत संपली, पण शिट्टी राहिली. शिट्टीशिवाय मला शिकवताच येत नाही, हे मला आता कळतं. हात वर. अजून वर. खाली सोडू नको. चल, परत. ती दमायची, घाम यायचा, ओठ चावायची. मी म्हणायचो, दमणं म्हणजेच होणं. हे वाक्य मी मुलांना सांगतो.

आणखी एक नियम आहे माझा मैदानावरचा. पळताना एखादं पोर पडलं, रडायला लागलं, तर त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की रडू वाढतं. आपण दुसरीकडे बघून मोजत राहायचं, पोर आपोआप उठतं आणि पळायला लागतं. हे खरंच असं होतं. मी इतकी वर्षं बघत आलोय. बायको जेव्हा व्यायाम करताना पहिल्यांदा रडली, तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मोजत राहिलो. थोड्या वेळानं तिचं रडणं थांबलं आणि ती पुढचा व्यायाम करायला लागली. मला वाटलं, बघा, नियम लागू पडला. त्यानंतर ती जितक्यांदा रडली तितक्यांदा मी खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या घराच्या भिंतीवर पावसानं पडलेले डाग मला पाठ झाले.

दाखवायला दवाखान्यात जायचो तेव्हा बाहेर मोठी रांग असायची. डॉक्टर कन्नडमध्ये विचारायचे, जेवण कसं आहे, झोप कशी आहे, मन कसं आहे. विचारायचे तिला. तिचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं, ती हुबळीतच जन्मलेली. पण पहिला शब्द जुळवायला तिला वेळ लागायचा. ओठ हलायचे, घशातून आवाज यायचा, आणि तेवढ्यात मी सांगून मोकळा व्हायचो, "फर्स्ट क्लास आहे सर. रोज दोन वेळा व्यायाम." डॉक्टर माझ्याकडे वळायचे आणि पुढचं माझ्याशीच बोलायचे. झोप तिला लागत नव्हती. बाजूला ती जागी पडलेली असायची ते मला माहीत होतं. पण ते सांगितलं असतं तर माझ्या फर्स्ट क्लासचं काय झालं असतं?

गौरी-गणपतीच्या आधी बायका यायला लागल्या. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, पण सणाच्या आधी कापड परत हवं होतं, ते साहजिकच होतं. ती दुपारी पडली होती. मी कपाट उघडून ज्याचं त्याला कापड देऊन टाकलं. तिला उठवलं नाही. वाटलं, कशाला उगीच त्रास. उठल्यावर तिनं रिकामं कपाट बघितलं आणि विचारलं, "कुणी... दिलं?" मी म्हणालो, मी दिलं, तुझ्या वतीनं. तिनं कपाटाचं दार लोटलं, पण ते नीट लागलं नाही, उघडंच राहिलं.

आणि मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याच्या संध्याकाळी बन्नी देतात. आपण सोनं म्हणतो तेच, पानं वेगळी. लहानांनी मोठ्यांच्या घरी जायचं, पानं द्यायची आणि म्हणायचं, "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोण." बन्नी घेऊ आणि सोन्यासारखं राहू. वर्षभर न बोलणारी माणसंही त्या दिवशी एकमेकांच्या दारात जातात. बायकोला हा सण फार आवडायचा. त्या दिवशी तिनं दुपारपासून अक्कांच्या सुनेकडून साडी नेसवून घेतली होती, केस विंचरून घेतले होते. ताटलीत पानं घेऊन दारासमोरच्या खुर्चीत बसली होती. आजारानंतर ती अशी लोकांसमोर पहिल्यांदाच बसत होती. मलाही बरं वाटलं होतं.

पहिल्या अक्काच वर आल्या, मागे सून, आणखी गल्लीतल्या दोघी. बायकोनं डाव्या हातानं पानं उचलली आणि अक्कांच्या पुढे धरली. ती ते वाक्य म्हणायला लागली होती. बन्नी एवढा शब्द झाला होता.

मी तिचं मनगट धरलं. "डाव्या हातानं नको," म्हणालो. आणि तिच्या बोटांतून पानं काढून घेऊन माझ्या उजव्या हातानं अक्कांना दिली. वर हसून त्या बायकांना समजावलंही, की डावा वापरला की उजवा आळशी होतो, आणि सणाचं देणं डाव्या हातानं कसं द्यायचं. दोन्ही कारणं मी दिली. अक्का म्हणाल्या, "इरली बिडरी सर, कै यावदादरेनु." असू द्या हो, हात कुठला का असेना. पण त्यांनीही पानं माझ्याकडूनच घेतली, काय करणार. बायकोचा डावा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग तिनं तो मांडीवर ठेवला. नंतर जे जे आले त्यांना बन्नी मीच दिली. तिच्या वतीनं.

त्या दिवसापासून ती मला मास्तर म्हणाली नाही. व्यायामाला एकदाही नाही म्हणाली नाही. मी शिट्टी वाजवली की उठायची, सांगेन ते करायची, रडायची नाही, बोलायचीही नाही. जेवण निम्म्यावर आलं. मुलगी पुण्याहून फोन करायची, तर फोन कानाला लावून नुसती हं हं करायची. मला वाटलं, शिस्त लागली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मला खरंच तसं वाटलं, आणि समाधानही वाटलं. तिची चाल सुधारत होती. जिन्याच्या चार-पाच पायऱ्या कठड्याला धरून चढायला मी शिकवल्या होत्या.

दिवाळीनंतर एक दिवस शाळेतून आलो तर घर उघडं, आणि ती घरात नाही. न्हाणीघरात नाही, खाली अक्कांकडे नाही. मी गच्चीच्या जिन्यानं वर पळालो. ती तिथे होती. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, गच्चीच्या कठड्याला पाठ लावून खाली फरशीवर बसलेली. काठी एका बाजूला पडलेली, एका पायातली चप्पल निघालेली, तोंड लाल. अख्खा जिना ती एकटी चढून आली होती.

मी टाळ्या वाजवल्या.

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, वा गं वा, जिंकलीस की! खिशातून फोन काढला आणि तिथेच तिचा फोटो काढला. तिला उठवून, सावकाश खाली आणली, साखर घालून दूध दिलं. फोटो मुलीला पाठवला, शाळेच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की माणसानं मनात आणलं तर काय होत नाही. अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगा. मीही सांगितलं. माझ्या बायकोचा अर्धा देह लुळा पडला होता, तरी ती जिद्दीनं एकटी गच्चीवर चढली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

एकट्या मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, आईचा चेहरा असा का दिसतोय?" मी म्हणालो, ऊन होतं.

त्या सुमाराला माझ्या लक्षात आलं होतं की चालताना तिचा उजवा पाय बाहेरून गोल फिरून पुढे येतो. कंबरेकडचे स्नायू कमी पडत होते. दवाखान्यातल्या मुलीला न विचारता मी एक नवा व्यायाम आणला. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभं राहायचं आणि दुखरा पाय सरळ ठेवून बाजूला उचलायचा. जेवढा वर जाईल तेवढा. मी स्वतः करून दाखवला. तिनं एकदा उचलला, वीतभर गेला, आणि तिनं पाय खाली ठेवला.

"हा नको," ती म्हणाली.

दसऱ्यापासून तिनं कशालाच नाही म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, नको कसा, हाच महत्त्वाचा आहे. शिट्टी वाजवली. तिनं पाय हलवला नाही. मी परत वाजवली. मग चिडलो. इतकं केलं तुझ्यासाठी आणि आता इथे येऊन अडून बसतेस, असं काहीतरी बोललो. ती ओट्याला धरून उभी होती, पाठमोरी. तशीच पाठमोरी राहून बोलली, आणि प्रत्येक शब्दाला तिला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही.

"हा शिकवू नका. मग मला जमेल."

"काय जमेल?"

"कठडा."

मला लगेच कळलं नाही. मग कळलं. पाय उचलला गेला नाही म्हणून ती खाली फरशीवर बसली होती. मी वर येऊन टाळ्या वाजवल्या तेव्हा ती तशी बसली होती. आणि आता मी तो पाय कसा उचलायचा ते तिला शिकवत होतो.

कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद केला. तिला खुर्चीत बसवलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून पाणी दिलं. ती प्यायली. 

आता जे लिहायचं आहे ते पुरं मी कुणालाच सांगितलेलं नाही. माणूस म्हणेल, हे ऐकल्यावर नवऱ्यानं तिला उचलून दवाखान्यात नेली असेल. मी बाजारात जाऊन कुलूप आणलं. गच्चीच्या दाराला लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली. अक्कांना सांगितलं, माकडं येतात. अक्का म्हणाल्या, माकडं? आमच्या गल्लीत? मी म्हणालो, हल्ली येतात. घरातल्या कात्र्या, सुऱ्या, गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर टाकला. शाळेत ताप आला म्हणून कळवलं, दोन दिवस घरी बसलो, आणि मग शाळेत गेलो. जाताना अक्कांच्या सुनेला म्हणालो, जरा वर जाऊन बसत जा. का ते सांगितलं नाही. मुलीला फोनवर सांगितलं, सगळं ठीक. तो एक व्यायाम सोडून बाकीचे सगळे पूर्वीसारखे चालू ठेवले. शिट्टीसकट.

का, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. लोक काय म्हणतील हे होतंच. सगळ्या शाळेपुढे जिची जिद्द सांगितली तिची ही गोष्ट आता कोणत्या तोंडानं सांगायची. पण त्याच्याखाली आणखी एक भीती होती. कुणी तिला विचारलं असतं, बाई, असं का वाटलं? आणि तिनं सांगितलं असतं तर?

दाखवायची तारीख आली. रांगेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील भेटले, त्यांनी ग्रुपवरचा फोटो बघितला होता, बायकोला नमस्कार केला. आत गेलो. डॉक्टरांनी तेच विचारलं, जेवण, झोप, मन. आणि मी, सगळं माहीत असलेला मी, म्हणालो, "ठीक आहे सर."

"खोटं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मी काहीतरी सावरायला गेलो. ती परत म्हणाली, "खोटं सांगतात." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. आवाज चढवला नाही, पण मैदानावर मी पोरांना सांगतो तसंच सांगितलं, आणि मी पोरासारखाच उठलो.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला बोलावलं. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, लकव्यानंतर पुष्कळ लोकांचं मन असं खाली जातं. तो मेंदूच्या आजाराचाच भाग आहे, मनाचा दुबळेपणा नाही, त्याला औषध आहे. मन खाली असलं की हातापायाचा व्यायामही लागत नाही. हे वेळेत कळायला पाहिजे होतं. घरी कधी रडत होत्या का? मी म्हणालो, हो. तेव्हा तुम्ही काय करत होता? मी सांगू शकलो नाही की खिडकीबाहेर बघत होतो.

त्यांनी लगेच धारवाडला मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली, आणि तोवर तिला एकटं सोडायचं नाही म्हणून बजावलं. त्या संध्याकाळी मी खाली जाऊन अक्कांना खरं सांगितलं, आणि मुलीला फोन केला. मुलगी दुसऱ्या दिवशी आली.

आता धारवाडला वेड्यांचं इस्पितळ आहे, म्हणून आमच्याकडे धारवाडला पाठवणं ही एक चेष्टा आहे. कुणी वेड्यासारखं वागलं की म्हणायचं, ह्याला धारवाडला पाठवा रे. मी स्वतः मैदानावर किती पोरांना म्हटलं असेल. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, मी शेजारी, पुढच्या सीटवर मुलगी. वाटेतलं नवलूर मागे पडलं तेव्हा ती म्हणाली, "शेवटी... धारवाडला... आणलंत, मास्तर."

मुलगी मागे वळून हसली आणि हसताहसता रडायला लागली. मी खिडकीकडे तोंड करणार होतो, पण खिडकीशी ती बसली होती.

तिथल्या डॉक्टरीणबाई तिच्याशी एकट्या बोलल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. मला त्यांनी वेगळं बोलावून सांगितलं की व्यायाम बंद करू नका, त्यानं मनालाही बरं वाटतं, पण तो त्यांचा व्यायाम असला पाहिजे, तुमचा नाही. कुठला, कधी, किती, हे त्या ठरवतील. एखाद्या दिवशी नको म्हणाल्या तर नको. गच्चीचं कुलूप सध्या असू द्या, म्हणाल्या, पुढचं त्यांच्याशी बोलून ठरवू. आणि शिट्टी शाळेत ठेवून या.

घरी आल्यावर मी तिची माफी मागितली. काय काय झालं ते सगळं बोललो, दसऱ्याचं, कापडांचं, डॉक्टरांपुढचं. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "ऐकलं." एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही.

तिनं ठरवलेला व्यायाम म्हणजे संध्याकाळी अक्कांबरोबर कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत जायचं आणि यायचं. मी बरोबर यायचं नाही. भाजी डाव्या हातानं निवडते, पैसे डाव्या हातानं देते, पालेभाजीवरून डाव्या हातानंच भांडते असं अक्का सांगतात. दुसरं म्हणजे ब्लाउजला हूक लावणं. उजव्या हातानं कापड दाबून धरायचं, डाव्यानं सुई. अक्कांच्या सुनेचा एक ब्लाउज तिनं असा पुरा केला, बरेच दिवस लागले, आणि एक हूक वाकडा लागलाय. तिनं तो उसवला नाही.

पण सगळं बरं झालं असं कुणी समजू नये. काही दिवस ती उठतच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहते, केस विंचरत नाही, भाजीवालीकडे जात नाही. पूर्वी मी उठवलं असतं. आता बाजूच्या खुर्चीत बसतो. ती रडली तर तिच्याकडे बघतो. ते मला फार जड जातं. रडणाऱ्या माणसाकडे नुसतं बघत बसायला मला कुणी शिकवलेलं नाही. उजवा हात आता यापेक्षा फारसा सुधारणार नाही, असं दवाखान्यातल्या मुलीनं हळूच सांगितलंय. ते बायकोलाही सांगितलं, तिच्यासमोर, तिलाच. तो फोटो मी ग्रुपवरून काढून टाकला, पण ज्यांनी आपल्याकडे ठेवला असेल त्यांचं काय करणार. शाळेत कुणीतरी अजून विचारतं, "सर, वहिनी आता गच्चीवर जातात का?"

परवा अक्कांनी ब्याडगी मिरच्या आणल्या, त्यांच्या आणि आमच्या. आमच्या वाटणीच्या गच्चीत वाळत घालायला पिशवीत भरून बायको दारात उभी होती, पिशवी गळ्यात अडकवलेली, काठी भिंतीला टेकवून. सकाळची वेळ होती, मी बूट घालत होतो. तिनं डावा हात पुढे केला.

"किल्ली."

मी म्हणालो, दे, मी टाकून येतो वर. तिनं हात मागे घेतला नाही. मी म्हणालो, अक्कांना बरोबर घेऊन जा. ती म्हणाली, नको. मग मी म्हणालो, डॉक्टरांना विचारतो एकदा, मग बघू.

"मला विचारा," ती म्हणाली.

मी एक बूट पायात आणि एक हातात असा बसलो होतो. इतक्या महिन्यांत हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. कुलूप लावलं होतं, सुऱ्या वर ठेवल्या होत्या, सगळ्यांना सांगून झालं होतं, सगळ्यांना विचारून झालं होतं. मी विचारलं, "परत तसं वाटतं का गं?"

तिचे ओठ हलले, थांबले. शब्द यायला वेळ लागला. मी काही बोललो नाही. खाली अक्का पाणी मारत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"कधी कधी," ती म्हणाली. आणि मग, "आज नाही."

मी खिशातून किल्ली काढून तिला दिली. ती जिना चढायला लागली. काठी, मग पाय, मग दुसरा पाय. मी जिन्याखाली उभा राहिलो. कुलूप उघडायला तिला खूप वेळ लागला, एका हातानं कुलूप धरायचं आणि त्याच हातानं किल्ली फिरवायची, ते काही सोपं नाही. मी वर गेलो नाही. दार उघडल्याचा आवाज आला, मग पाय फरशीवर घासल्याचा, आणि मग काहीच नाही. किती वेळ ते मी घड्याळात बघितलं नाही. शाळेची वेळ टळून गेली. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो.

ती खाली आली तेव्हा पिशवी रिकामी होती आणि ती धापा टाकत होती. मला तिथे तिनं बघितलं. बाजूनं आत गेली, हात धुतला, खुर्चीत बसली. मी शाळेत फोन करून सांगितलं की आज येत नाही.

ऊन उतरल्यावर मिरच्या काढायला ती परत वर गेली, आणि मी परत खाली थांबलो. किल्ली तिनं परत दिली नाही. मीही मागितली नाही.